काळ्या दगडाची रेघ

डरॅम हे गाव इंग्लंडच्या उत्तर भागात आहे. लंडनहून आगगाडीने तीन तास लागतात. विअर नावाची एक नदी तिथे एका उंच खडकाला जवळजवळ पुरता वळसा घालते आणि मग काही विसरलेले आठवावे तशी पुन्हा आपल्या वाटेला लागते. त्या वळशाच्या आत, खडकाच्या माथ्यावर, एका अंगाला किल्ला आहे आणि दुसऱ्या अंगाला कॅथीड्रल. स्टेशनापाशी गाडी एका उंच पुलावरून जाते. तिथून हे सगळे एकदम समोर येते. तीन तास आपापल्या फोनमध्ये डोके खुपसून बसलेली इंग्रज माणसेसुद्धा त्या वेळी मान वर करून खिडकीबाहेर पाहतात. बोलत मात्र कोणी नाही.

माझी मुलगी तिथल्या विद्यापीठात शिकत होती म्हणून मी गेले. एरवी हे नावही माझ्या कानांवर आले नसते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आई, तुला देवळे बघायची हौस ना? मग चल. पण आधीच सांगते, तुला आवडेल आणि रागही येईल."

"राग कशाचा?"

"ते तूच बघ."

आत शिरल्यावर राग येण्याजोगे काही दिसले नाही. दिसले ते खांब. दोन्ही बाजूंना ओळीने उभे असलेले हे दगडी खांब एवढे जाडजूड आहेत की त्यांच्यापुढे माणूस अगदी बाहुलीएवढा होऊन जातो. मधल्या दालनातल्या गोल खांबांची उंची ६.६ मीटर आहे आणि घेरही ६.६ मीटरच. म्हणजे खांबाभोवती दोरी गुंडाळून ती सोडवून उभी धरली तर ती नेमकी खांबाएवढी भरेल. एवढे बोजड खांब खरे तर अंगावर यायला हवेत; पण कारागिरांनी त्यांच्यावर नक्षी खोदली आहे. एकावर नागमोडी रेघा, एकावर शंकरपाळ्याचे चौकोन, एकावर वेलीसारखे वर चढत जाणारे पन्हळ. कामाला १०९३ साली सुरुवात झाली आणि मधल्या दालनाचे छत ११३३ साली पुरे झाले. चाळीस वर्षे! पाया घातला त्या वर्षी जन्मलेला गवंड्याचा मुलगा छत पुरे होताना पिकू लागलेल्या केसांनी उभा असेल. दगडी फासळ्यांवर तोललेली अशी उंच कमानदार छते पुढे युरोपभर झाली; त्यांतल्या अगदी पहिल्यांपैकी हे एक.

हे सारे कोणासाठी बांधले, तर एका साधूच्या शवपेटीसाठी. कथबर्ट त्याचे नाव. फार्न नावाच्या एका ओसाड बेटावर पक्ष्यांच्या सोबतीने तो एकटा राहायचा. ६८७ साली तिथेच तो वारला आणि त्याला जवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठात पुरले. पुढे समुद्रावरून डेन लोकांच्या धाडी येऊ लागल्या. तेव्हा, ८७५ साली, मठातल्या मंडळींनी ती पेटी खांद्यावर घेतली आणि बेट सोडले. कित्येक वर्षे ते तिला घेऊन रानोमाळ हिंडले. मग शंभरांहून अधिक वर्षे ती चेस्टर-ली-स्ट्रीट या गावी राहिली आणि ९९५ साली इथे आली. इथे कशी आली त्याची एक कथा सांगतात. वाटेत पेटीचा गाडा जागच्या जागी रुतला. काही केल्या हलेना. डनहोम नावाच्या जागी जावे असा दृष्टान्त झाला, पण डनहोम कुठे ते कोणालाच माहीत नव्हते. इतक्यात एका गवळणीने दुसरीला विचारले, "माझी भुरी गाय कुठे पाहिलीस का ग?" ती म्हणाली, "ती काय, तिकडे डनहोमकडे गेली." झाले! मंडळी त्या बाईच्या मागोमाग निघाली आणि पेटीला आपले घर मिळाले. कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर उंच जागी ती गाय अजून कोरलेली आहे. कथा खरी असो वा नसो, गायीने जागा दाखवल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मला तिथे फार परके वाटले नाही.

उत्तरेकडच्या मोठ्या दारावर पितळी कडी आहे. सिंहासारखे एक उग्र तोंड आणि त्याच्या जबड्यात ती कडी. दारावरची आज दिसते ती नक्कल. बाराव्या शतकातली अस्सल कडी आत संग्रहालयात ठेवली आहे. त्या काळी कोणाच्या हातून खून झाला, चोरी झाली, मागे माणसे लागली, तर त्याने धावत यावे आणि ही कडी धरावी. मग त्याला आत घेत. सदतीस दिवस त्याच्या केसालाही कोणी धक्का लावायचा नाही. तेवढ्या दिवसांत त्याने एक तर तडजोड करावी, नाही तर देश सोडून जावे. मला हे फार आवडले. देवाचे घर असावे तर असे, असे मी मनात म्हटले आणि मुलीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. माझा हात धरून तिने मला मागच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या बाजूला नेले आणि खाली बोट दाखवले.

फरसबंदीत काळसर दगडाची एक पट्टी होती. या भिंतीकडून त्या भिंतीकडे, दालनाच्या रुंदीभर गेलेली. मधोमध दगडाचाच क्रूस. एरवी मी तिच्यावरून तशीच चालत गेले असते. शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती देण्याचे काम त्या हौसेने, बिनपगारी करत. मी रेघेकडे पाहत राहिलेली बघून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बायकांनी इथवरच यायचे. याच्या पुढे नाही. मठ होता तोवर तसा नियम होता."

"का?"

"संताला बायका आवडत नसत, असे ते सांगत."

म्हणजे खुनी माणसाला कडी धरताच आत घ्यायचे, सदतीस दिवस खाऊपिऊ घालायचे; आणि कोणाचेही काही वाकडे न केलेल्या बाईने मात्र या रेघेपाशी थांबायचे! मुलीने सांगितलेला राग तो हा.

त्या बाईंनी मला राणी फिलिपाची गोष्ट सांगितली. १३३३ साली तिसरा एडवर्ड राजा इथे मुक्कामाला होता. राणी नंतर येऊन पोचली. मठातच जेवली आणि राजाच्या शेजारी झोपली. मठवाल्यांना हे कळताच त्यांची गाळण उडाली. मध्यरात्री त्यांनी राजाला उठवले आणि संताचा कोप होईल म्हणून विनवले. शेवटी इंग्लंडची ती राणी बिचारी आतल्या कपड्यांनिशीच उठली आणि संताची क्षमा मागत मोकळ्या पटांगणातून समोरच्या किल्ल्यात पळाली. बाई हे सांगताना मोठ्याने हसल्या. मीही हसले. पण हसता हसता मला माझी आई आठवली.

आमच्या घरी रेघ नव्हती. मागच्या पडवीत एक कोपरा होता. महिन्याचे चार दिवस आई तिथे बसे. शेजारी घोंगडी, पाण्याचा वेगळा तांब्या, वेगळे ताट. आजी वरून वाढी. आम्ही मुलांनी विचारले की ठरलेले उत्तर मिळे, "कावळा शिवला." एका वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशीच कावळा शिवला. मोदकांची पिठी आईने स्वतः तांदूळ धुऊन, वाळवून, दळून ठेवलेली. मखराला तिनेच कागद चिकटवलेले. आरतीच्या वेळी सगळे घर माजघरात गोळा झाले आणि झांजा सुरू झाल्या. मी मध्येच पाणी प्यायला म्हणून मागे गेले तर आई पडवीत मांडी घालून बसली होती आणि आतल्या झांजांच्या ठेक्यावर गुडघ्यावर बोटे आपटत होती. तोंडाने आरती म्हणत नव्हती. नुसती बोटे.

मोठी झाल्यावर मी तिला त्याबद्दल बोलून दाखवले. ती म्हणाली, "तुम्हा मुलींना वाटते तसे काही नव्हते. तेवढीच चार दिवस पाठ टेकायला मिळायची." तेही खरेच असेल. वीस माणसांच्या घरात चार दिवस चुलीपुढून सुटका म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. पण विश्रांती हवी असलेल्या माणसाला कोणी आरतीतून उठवत नाही, एवढे मला आजही वाटते.

मी रेघेच्या अलीकडच्या एका खुर्चीवर बसले. तिथे थांबणाऱ्या बायकांना काय दिसत असेल ते मला पाहायचे होते. फारसे काही दिसत नाही. ते अवाढव्य खांब एकामागे एक उभे राहतात. पलीकडच्या टोकाची मोठी गोल खिडकी ताटाएवढी दिसते. कथबर्टची समाधी तिच्या अलीकडे, वेदीच्या मागे. ती तर दिसायचीच नाही. ऐकू मात्र सगळे येते. दगडाच्या त्या छताखाली दूरचा शब्दही घुमत घुमत आपल्यापर्यंत येतो. गाणे इथवर पोचत असणार. उपाशी माणसाला वास यावा तसे.

मग मला प्रश्न पडला, की एवढा स्त्रीद्वेष्टा असा हा संत होता तरी कोण? संध्याकाळी मुलीच्या खोलीवर तिची पुस्तके चाळत बसले. जी हकीकत कळली तिची मोठी मौज वाटली. कथबर्टचे चरित्र त्याच्या मागोमागच्या पिढीतल्या बीड नावाच्या विद्वान साधूने लिहिले. (नावाचा उच्चार आपल्या मराठवाड्यातल्या बीडसारखाच करायचा.) त्या जुन्या हकीकतींत स्त्रियांचा तिटकारा कुठेच नाही. कथबर्टला लहानपणी सांभाळणारी एक विधवा होती. मोठा झाल्यावरही तो तिला भेटायला जाई आणि तिला आई म्हणे. राजघराण्यातली एक मठाधिकारिणी, एल्फ्लेड, आपल्या भावाचे कसे होणार या काळजीने त्याचा सल्ला घ्यायला आली होती. तिला भेटायला तो दुसऱ्या बेटावर गेला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे व्हेर्का नावाच्या एका मठाधिकारिणीने त्याला तलम वस्त्र भेट दिले होते. ते त्याने जन्मात अंगावर घातले नाही. पण मरताना सांगून ठेवले, की तिच्यावरच्या मायेपोटी हे मी जपून ठेवले आहे, माझा देह यातच गुंडाळा.

म्हणजे ज्याच्या नावाने बायकांना रेघेपाशी अडवले, तो आत एका बाईच्या मायेत गुंडाळून निजला होता!

मग ही रेघ आली कुठून? तिचे उत्तर १०८३ सालात आहे. तोवर कथबर्टची पेटी सांभाळणारे जे लोक होते त्यांना बायकामुले होती. धाडींच्या दिवसांत पेटी वाहून आणणाऱ्यांचे हे वारस. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती सांभाळली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, नवे राज्य आले, नवा बिशप आला. १०८३ साली त्याने या संसारी लोकांना दूर केले आणि त्यांच्या जागी तेवीस ब्रह्मचारी साधू आणून बसवले. दहा वर्षांनी त्यानेच या इमारतीचा पाया घातला. संताला बायकांचा तिटकारा होता या कथा लिहिलेल्या सापडतात त्या त्यानंतरच्या, चारशे वर्षांनी उशिराच्या. संसारी माणसांना घालवून ज्यांनी जागा घेतली, त्यांना संसाराचा विटाळ सांगणाऱ्या कथा लागतातच. हे काही मोठे कोडे नव्हे. आपल्याकडेही देवाच्या नावाने जे सांगितले जाते ते देवाने कधी सांगितले आणि पुजाऱ्याने कधी, याची तारीख विचारायची पद्धत नाही. पंढरपूरच्या महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. विठोबाने त्यांना कधी अडवल्याचे मी ऐकले नाही. पण त्यांच्या लोकांना ते दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, एकटीच. रेघेच्याही मागे, अगदी पश्चिमेच्या टोकाला, गॅलिली नावाचे एक दालन आहे. सुमारे ११७५ साली बांधलेले. बायकांना येण्याची मुभा इथे होती. मुळात ते पूर्वेला, समाधीजवळ बांधायला घेतले होते. पण तिथे भिंती तडकू लागल्या. जमीनच वाईट असावी. त्याचाही अर्थ, संताला बायका जवळ नकोत असा लावला आणि दालन या टोकाला आणले. आत पाऊल टाकले आणि मी थबकले. तिकडचे ते राकट खांब इथे नाहीत. इथे बारीक, सडपातळ खांब आहेत, त्यांवर नागमोडी नक्षीच्या हलक्या कमानी, आणि भरपूर उजेड. परसदारी ऊन्ह पडावे तसे. आणि आत एक साधी काळी समाधी. कोणाची? बीडची. त्याची हाडे १३७० साली इथे आणून ठेवली. व्हेर्काच्या वस्त्राची हकीकत ज्याने लिहून ठेवली तो साधू बायकांच्या दालनात येऊन राहिला. मठवाल्यांपैकी कोणी मुद्दाम असे केले असेल असे नव्हे. पण खरे बोलणारा माणूस आपल्या बाजूला असावा, यात त्या बायकांचे नशीब होते खास.

कथबर्टची समाधीही पाहिली. मठ १५३९ साली राजाने बरखास्त केला, समाधीवरचे रत्नजडित मखर गेले, आणि आता एका साध्या शिळेवर लॅटिन अक्षरांत फक्त त्याचे नाव आहे. १८२७ साली समाधी उघडली तेव्हा मिळालेला तांबड्या खड्यांचा सोन्याचा क्रूस आणि लाकडी पेटीचे तुकडे संग्रहालयात ठेवले आहेत. शिळेपाशी दोन बायका गुडघे टेकून बसल्या होत्या. एकीच्या पिशवीतून भाजीची पात डोकावत होती.

परत येताना कालच्याच बाई रेघेजवळ भेटल्या. बोलत बोलत आम्ही पुढे निघालो तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्या रेघेवर पाय देत नाहीत. बोलणे न थांबवता त्यांनी किंचित पाय उचलला आणि रेघ ओलांडली. आपण उंबरठा ओलांडतो तशी. माझी मुलगी तर तिच्यावरून खुशाल चालत जाते. "आई, दगड आहे तो," म्हणते. मी बाईंना विचारले, "तुम्ही अजून तो नियम मानता?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "छे हो! तो नियम करणाऱ्यांचे मला काय? पण चारशे वर्षे बायका इथे येऊन थांबल्या. ही त्यांची जागा आहे. त्यांच्यावर पाय कसा देऊ?"

त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. डरॅमच्या भोवतालचा मुलूख हा सगळा खाणींचा. दर जुलैत खाणकामगारांचा मोठा मेळा भरतो, १८७१ पासून. बँड वाजवत, आपापल्या खाणीचे भरजरी निशाण उंच धरून कामगार गावातून येतात आणि काही निशाणे कॅथीड्रलमध्ये आशीर्वादासाठी आणली जातात. त्या वर्षी खाणीत कोणी दगावले असेल तर त्या निशाणावर काळे कापड टाकीत. १९४७ साली आत खाणकामगारांचे स्मारक झाले. तिथे मेलेल्यांच्या नावांची वही आहे आणि खाणीतला दिवा टांगलेला आहे. खाणी आता बंद झाल्या, मेळा मात्र अजून भरतो. बाई म्हणाल्या, "माझे वडील एरवी इथे कधी येत नसत. ही साहेबांची जागा म्हणत. वर्षातून एकदा निशाणामागून यायचे, काळ्या ठिक्कर बुटांना पॉलिश करून. मी लहान होते. मला वाटायचे, आमच्यासाठी हे दार वर्षातून एकदाच उघडते."

एवढे बोलून त्या दुसऱ्या कोणाला माहिती द्यायला निघून गेल्या. मी उभी राहिले.

आमचे ते घर माझ्या भावाने दहा वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतले. पडवीत पांढऱ्या शुभ्र फरशा बसल्या. आईच्या कोपऱ्यात आता कपडे धुण्याचे यंत्र आहे. चांगलेच झाले. पण तिथे कोणी बसत असे, याची खूण राहिली नाही. माझ्या भाच्यांना सांगितले तर "आपल्याकडे असले काही नव्हते, आजी कधी बोलली नाही," म्हणतात. आपल्या रेघा दगडाच्या नसतात. त्या पुसल्या की पुसणाऱ्याबरोबर भोगणारीही पुसली जाते. या लोकांनी रेघ उखडली नाही. बायका पलीकडे जाऊ लागल्या, मठाच्या जागी धर्मगुरूंच्या बायकामुलांचे संसार आले, १९९४ पासून बायका स्वतः धर्मगुरू झाल्या, २०१५ साली एक बिशप झाली आणि २०२५ साली तर कँटरबरीच्या सर्वोच्च गादीसाठी एका स्त्रीची निवड जाहीर झाली. रेघ आहे तिथेच आहे. तिच्याकडे बोट दाखवून कोणीही सांगू शकते की असे होते. कोणाला नाही म्हणता येत नाही.

संध्याकाळी मुलगी आली आणि आम्ही प्रार्थनेला बसलो. प्रार्थना रेघेच्या पुष्कळ पुढे होते, जिथे पूर्वी मठातले साधू समोरासमोर बसून गात, त्याच ठिकाणी. आम्हांला कोणी नाव विचारले नाही की धर्म विचारला नाही. एका गृहस्थांनी सरकून जागा दिली. लाकडी कोरीव आसनांवर आम्ही दोघी बसलो. गायनमंडळ आले. इथे शतकानुशतके मुलगे गात. २००९ पासून मुलीही गातात, आणि त्या दिवशी पाळी मुलींची होती. दहा-बारा वर्षांच्या पोरी, पायघोळ झगे, एकीच्या वेणीची फीत सुटलेली. त्यांनी तोंड उघडले मात्र, ते सगळे प्रचंड दगड एकदम हलके झाले.

शब्द मला कळत नव्हते. मुलीने माझ्याकडे पाहून हळूच विचारले, "आई, काय करते आहेस?"

मी खाली पाहिले. माझी बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती.